नळीमागची फट

(दृश्य: अंधारी खोली. खिडकीसमोर आडवी धरलेली बंदूक.)

बंदूक रिकामी आहे, बंद आहे. तरीही नळ्यांच्या मागे उजेडाची एक रेघ दिसते आहे. केसाएवढीच. पण ती दिसायलाच नको होती.

दुनळी बंद झाली की नळ्यांची मागची बाजू ॲक्शनच्या, म्हणजे कुंद्याला जोडलेल्या पोलादी सांगाड्याच्या, उभ्या भिंतीला टेकली पाहिजे. बार उडताना काडतुसाच्या बुडाला आधार असतो तो या भिंतीचाच. फट राहिली तर काडतूस मागे रेटलं जातं, फाटूही शकतं, आणि तप्त वायू चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतात.

(दृश्य: पुढची लाकडी मूठ सुटते.)

तपासणी सुरू होते ती मूठ काढून. ती जागेवर असेल तर खिळखिळ्या नळ्याही घट्ट भासतात. जुनी बंदूक विकत घेणारे इथेच फसतात. मूठ काढली, की एका हातात कुंदा, दुसऱ्या हातात नळ्या, आणि हलकासा हिसका. ऐका.

(आवाज: टक्. टक्.)

कारागीर आवाजावर थांबत नाही, हालचालीची दिशा बघतो. नळ्या वरखाली हलल्या तर संशय बोल्टवर. लंडनचे बंदूक कारागीर जेम्स पर्डी यांनी १८६३ मध्ये पेटंट घेतलेला खालचा सरकता बोल्ट आजही असंख्य दुनळ्यांत आहे. तो नळ्यांना खाली दाबून धरतो. पण त्या पुढेमागे सरकत असतील, तर दुखणं बिजागरीच्या खिळीत आणि तिच्यावर बसणाऱ्या हुकात आहे. बंदूक उघडायचा वरचा लिव्हर मध्यरेषेच्या डावीकडे गेला की लोक लगेच बंदूक झिजली म्हणतात. लिव्हर बोल्टची झीज सांगतो, हुकाची नाही.

(दृश्य: हुक, अगदी जवळून.)

नळ्यांच्या पोटाखाली हा लोखंडी ठोकळा, आणि त्याच्या पुढच्या अंगाला ही अर्धगोल खाच. हाच हुक. खिळीवर तो हजारो वेळा फिरलेला असतो. ग्रीसऐवजी धूळ राहिली, बंदूक झटक्याने आपटून बंद केली, किंवा ६५ मिलीमीटरच्या जुन्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घरात, ७० मिलीमीटरची जोरदार काडतुसं चालवली, की इथलं पोलाद झिजत जातं.

आणि बाजूला हे खड्डे बघा. कुणीतरी ठोकळ्यावर पंच ठेवून हातोडी मारली आहे, म्हणजे धातू दबून खाचेकडे फुगावा. बंदूक त्या दिवशी घट्ट बंद झाली असेल. पण फुगलेल्या धातूचे चार उंचवटेच खिळीला टेकतात आणि थोड्याच बारांत ते चेपतात. मग पुन्हा हातोडी. पितळी पत्रा चिकटवणं हाही त्याच जातीचा इलाज. ही दुरुस्ती नव्हे. चांगल्या बंदुकीचं नुकसान आहे.

(दृश्य: काळ्या काचेतून वेल्डिंगचा निळा ठिपका.)

सरळ मार्ग दोन. खिळ काढता येत असेल तर किंचित जाड नवी खिळ बसवायची. ती ॲक्शनमध्येच घडवलेली असेल, तर हुकावर धातू चढवायचा. या बंदुकीला दुसरा. वेल्डिंग क्षणभर, मग थांबणं, मग पुन्हा क्षणभर. दोन नळ्यांमधली पट्टी मऊ डाखाने जोडलेली असते आणि तो डाख २०० अंशांच्या आसपासच सुटू लागतो. म्हणून हा ओला कपडा.

(दृश्य: दिव्याची ज्योत, काजळी, कानस.)

यापुढचं काम घाईत होत नाही. हुक ज्योतीवर काजळायचा. नळ्या बसवायच्या, बंद करायच्या, उघडायच्या. जिथे काजळी पुसली गेली तिथेच धातू जास्त आहे. तिथे कानशीचा एक हात. पुन्हा काजळी. दर वेळी फरक पडतो तो शतांश मिलीमीटरचा. दुपार कलली, खिडकीतला उजेड भिंतीवर चढला, आणि कानशीचा हात अजून तितकाच हलका आहे.

हुक जमल्यावरच बोल्ट. क्रम उलटा केला तर नळ्या घट्ट दाबल्या जातात आणि मागे फट तशीच राहते. नळ्या मागे आल्याने पुढची मूठही आता अडते, तीही थोडी घासावी लागते.

(दृश्य: नळ्यांच्या पोटावरचे प्रूफचे, म्हणजे जास्त जोराचा बार उडवून घेतलेल्या चाचणीचे, शिक्के.)

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे हे शिक्के. ते १८१३ पासून बंदुका तपासतंय.

(दृश्य: सिगारेटच्या कागदाची पट्टी ॲक्शनच्या भिंतीवर ठेवली जाते. नळ्या बंद होतात.)

मूठ अजून बाजूलाच ठेवलेली आहे. कारागीर पट्टी ओढतो. ती निघत नाही. तो जरा जोर लावतो.

(आवाज: कागद फाटतो.)