कुत्र्याचं पथ्य कुत्र्याला विचारून

(बेळगावातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात एका निवृत्त पशुवैद्यकीय कंपाउंडरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार. मागं ऐकू येतंय का? फॅन जरा कमी करा, माझे कागद उडताहेत. कागद म्हणजे मुद्दे लिहून आणलेत चार. मंडळींनी घरातून निघताना बजावलंय की कागद सोडायचा नाही, नाहीतर तुमची गाडी शहापूरहून निघून खानापूरला पोचते.

आधी एक दुरुस्ती. बाहेरच्या फळ्यावर माझ्या नावामागं 'डॉ.' लावलंय, ते पुसा. मी कंपाउंडर. ३१ वर्षं खानापूर तालुक्यात आणि शेवटी इकडं, सरकारी दवाखान्यात. पाटीवर कन्नडमध्ये 'पशु आस्पत्रे', लोकांच्या तोंडी 'ढोरांचा दवाखाना'. त्या काळी कुणी कुत्रं घेऊन आलं की रांगेतले म्हशीवाले हसायचे. मांजर घेऊन तर कुणी येतच नसे. मांजर आजारी पडतं हेच लोकांना मान्य नव्हतं. मांजर एक तर असतं, नाहीतर नसतं.

विषय दिलाय 'कुत्र्या-मांजरांची नैसर्गिक आणि सर्वांगीण निगा'. चार मुद्दे: खाणं, कातडी, मन आणि लस. या चारांत सगळं येतं. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो, तीच खरी सांगायची आहे.

माझा एक कुत्रा होता, पिंट्या. गावठी, तांबूस, बारा किलोचा. आम्ही तेव्हा वडगावात राहायचो, विणकरांच्या गल्लीत, दिवसभर मागांची खडखड. पिंट्याला त्या आवाजाची इतकी सवय की रविवारी माग बंद असले की तो अस्वस्थ व्हायचा. भाषा दोन्ही यायच्या. मराठीत 'ये' म्हटलं तरी यायचा, कन्नडमध्ये 'बा' म्हटलं तरी यायचा. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, पिंट्यानं तो अंगणात सोडवला होता. (हशा) हसा, पण पुढं हसण्यासारखं नाही.

पावसाळ्यानंतर गोचीड झाली. गोचीड तुम्हाला ठाऊक आहे. सत्तरी-दोडामार्गाकडच्या माणसासमोर गोचिडीचं नाव काढा, त्याला माकडताप आठवतो. ती जंगलातली गोचीड वेगळी. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरातच संसार थाटते. रक्त पिऊन फुगली की कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या फटीत जाते आणि हजारोंनी अंडी घालते. म्हणजे तुम्ही कुत्रा धुताय आणि गोचीड भिंतीत बसून बघतेय.

दवाखान्यात औषध होतं. मी स्वतः ते बाटल्यांत भरून लोकांना देत होतो. पण घरच्या कुत्र्याला 'केमिकल' कशाला, असं माझ्या मनानं घेतलं. कुठूनसं ऐकलं होतं की लसूण खायला घातला की कुत्र्याच्या अंगाला वास येतो, गोचीड लागत नाही, जंतही पडतात. गल्लीतल्या एका अक्कांनी दुजोरा दिला. म्हणाल्या, आमच्या यजमानांना लसणानं रक्तदाबाला गुण आला. आता यजमानांचा रक्तदाब आणि पिंट्याची गोचीड यांचा काय संबंध, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही. लसूण आपला, रानचा, आजीच्या फोडणीतला. तो वाईट कसा असेल?

रोज सहा पाकळ्या ठेचून भाकरीत. भाकरीवर रात्रीची आमटी, तिच्यात कांदा. तीन आठवडे. पिंट्या आवडीनं खायचा, वर ताट चाटायचा. गोचीड होती तेवढीच राहिली.

मग तो सुस्त झाला. आधी वाटलं ऊन लागलं. चौथ्या दिवशी लघवी बघितली तर कोऱ्या चहासारखी. ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पांढऱ्या फटक. सगळी गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं कावीळ, कावीळ उतरवणाऱ्याकडं न्या. कुणी म्हणालं दृष्ट. एकजण म्हणाला गोचिडीचा ताप, आणि तो मूर्ख नव्हता, गोचिडीच्या तापातही हिरड्या पांढऱ्या होतात. आणि अक्का काय म्हणाल्या? लसूण वाढवा! (हशा)

आमच्या डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि मला बोलावलं. तांबड्या पेशींच्या कडेला फोडासारखे बारीक उंचवटे. एकच प्रश्न विचारला, 'कांदा-लसूण देताय काय?' मी देतो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही. कांद्या-लसणात गंधकाची काही द्रव्यं असतात, ती कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. मांजराच्या तर त्याहून लवकर. आणि लसूण कांद्यापेक्षा जहाल. शिजवा, वाळवा, पूड करा, गुण जात नाही. गोचीड जेवढं रक्त पीत होती त्याच्या किती पट मी स्वतःच्या हातानं फोडत होतो.

पिंट्या वाचला. लसूण बंद, सलाईन, नीट खाणं, महिनाभरानं हिरड्या गुलाबी झाल्या. पुढं नऊ वर्षं जगला. मी मात्र त्या दिवसापासून 'नैसर्गिक' हा शब्द ऐकला की विचारतो, कुणाच्या निसर्गातलं?

म्हणजे बघा. आपण बाळाला कोवळ्या उन्हात धरतो, ड जीवनसत्त्वासाठी. कुत्र्याला कितीही उन्हात बसवा, त्याच्या कातडीत ते पुरेसं बनतच नाही. मांजराच्याही नाही. त्यांना ते खाण्यातून मिळावं लागतं. ऊन खाऊ द्या, त्यांना आवडतं, पण ते औषध नव्हे. आपल्या निसर्गातलं औषध त्यांच्या निसर्गात आंघोळीचं गरम पाणीसुद्धा नाही.

आणि आपल्या लोकांना हे नवं आहे असं नाही. इथून वर कल्याणीला चालुक्यांचा तिसरा सोमेश्वर होऊन गेला, बाराव्या शतकातला. त्याच्या 'मानसोल्लासा'त कुत्र्यांचं वेगळं प्रकरण आहे, सारमेयविनोद. हत्तीचं वेगळं, घोड्याचं वेगळं, कुत्र्याचं वेगळं. त्याच ग्रंथात कांडताना ओव्या गाणाऱ्या मराठी बायकांचाही उल्लेख आहे. तेव्हा राजा त्यांचा आणि ओवी आपली, यावर आत्ता वाद नको, साहेब, तुम्ही बसा. (हशा) मुद्दा एवढाच की तो राजा हत्तीचं पथ्य कुत्र्याला लावत नव्हता.

मुधोळचं घ्या. आपल्या शेजारी बागलकोट जिल्ह्यात. २००५ साली त्या कुत्र्याचं टपाल तिकीट निघालं. बरगड्या दिसतात, कंबर बारीक. इथले लोक मुधोळ विकत आणतात आणि म्हणतात, उपाशी दिसतंय, भरवा. अहो, ते हरणामागं पळायला घडलंय! त्याला कुंदा घालून गुबगुबीत करणं म्हणजे पैलवानाला शालू नेसवणं. आणि अंगावर चरबी कमी म्हणून भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी जात सांगा, काही भुलीची औषधं या जातीला जड जातात.

किती वाजले? सव्वासहा? सातला भजनी मंडळाला हॉल द्यायचाय, होय, ठाऊक आहे. एकही मुद्दा झाला नाही म्हणता? खाण्याचा झाला की अर्धा.

खाणं. नामदेवांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. कुत्रं पोळी घेऊन पळालं, नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. भक्तीला तोड नाही. पण त्या कुत्र्याची दुसऱ्या दिवशीची हकीकत कुणी लिहिलेली नाही. तूप, तळण, मटणाची चरबी एकदम पोटात गेली की कुत्र्याचं स्वादुपिंड सुजतं, उलट्या सुरू होतात, दिवाळीनंतर दवाखान्यात ही रांगच लागायची. बाकी भाकरी कुत्र्याला चालते. माणसाबरोबर राहून राहून कुत्रं पिठूळ अन्न पचवायला शिकलं, लांडग्याला ते तितकं जमत नाही, २०१३ साली त्याची जनुकं तपासून हे दाखवलंय. तेव्हा ज्वारीची भाकरी, बिनकांद्याचं वरण, अंडं, उकडलेलं मांस, हे माझ्या मते चांगलं खाणं आहे. पण नुसत्या भाकरीवर ठेवू नका. बेदाणे नकोत. तासगावचे असोत, विजापूरचे असोत, सत्यनारायणाच्या शिऱ्यातले असोत, कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा हिशेब नाही. चॉकलेट नको. गवत खातंय तर खाऊ द्या, हराळीनं काही होत नाही, फक्त फवारलेलं नसावं.

मांजर मात्र कुत्र्याचं धाकटं भावंड नव्हे. ते मांसाहारीच. आपल्याकडं कितीतरी शाकाहारी घरांत मांजर दूधभातावर आहे, आणि लोक अभिमानानं सांगतात, आमची मनी शुद्ध शाकाहारी. मनी रात्री कौलांवर काय करते ते उंदरांना विचारा. तिचं व्रत तुमच्या ताटापुरतं. फ्लॅटमध्ये कोंडलेल्या मनीला उंदीर कुठला? मांसातलं टॉरिन मिळालं नाही तर मांजराची नजर जाते, हृदय फुगतं. हृदयाचं हे कारण १९८७ साली कळलं. आणि दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, मागतात म्हणून द्यायचं नसतं. नातू मोबाईल मागतोच.

कातडी. दोन वाक्यांत. मांजराला अंगाला लावायचं औषध असं काही नसतं. जे अंगाला लावाल ते पोटात जाणार, कारण ते चाटून पुसतं. म्हणून कापूर-खोबरेल नको, निलगिरी नको, कडुनिंबाचं तेल नको. मांजराच्या यकृतात ही द्रव्यं मोडणारं एक विकर फार तोकडं असतं. म्हणूनच तापाला आपण घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्यासाठीचं गोचिडीचं औषधसुद्धा मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन असलं तर झटके येतात. दोन वाक्यांची चार झाली, असो. कुत्र्याला कडुनिंबाच्या पाल्याच्या गार केलेल्या पाण्यानं अंघोळ घाला, बारीकसारीक खाजेला बरं वाटतं. पण खरूज त्यानं जात नाही. आणि उद्यमबागेतल्या पोरांना माझा निरोप द्या, लुताडलेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं जळकं ऑइल फासू नका. ते मनापासून करतात, दया येते म्हणून करतात, मी एकदा असा कुत्रा साबणानं तीन वेळा धुतलाय आणि धुताना त्या पोरांनीच पाणी आणून दिलंय. पण ते ऑइल कातडीतून आणि जिभेवरून आत जातं. खरजेला आता गोळ्या आहेत, डॉक्टरांकडून घ्या.

हो, एक राहिलं. बोका मातीत पुनःपुन्हा बसतोय, कुंथतोय आणि काही होत नाही, तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. लघवी तुंबलेली असते. दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. त्याच रात्री उचलून न्या.

मन. कुत्र्याला फिरायला नेता तेव्हा ओढू नका, हुंगू द्या. ते त्याचं वर्तमानपत्र आहे, तुम्ही पहिलं पान उघडलं की लगेच हिसकावून घेता. विसर्जनाच्या रात्री डॉल्बीच्या भिंतीपुढं आपल्याच छातीत धडधडतं, कुत्र्याला आणि मांजराला तर आपल्याला न ऐकू येणारे वरचे सूरही ऐकू येतात. आतल्या खोलीत, पडदे ओढून, आपलं कापड अंथरून ठेवा. रागावू नका. झालं.

लस. इथं मी घाई करणार नाही, मंडळ आलं तरी. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर सकाळी किती लोक कुत्री फिरवायला येतात! त्या मैदानाचं नाव तसं का पडलं? तिथं देवीची लस बनायची. देवी गेल्या त्या अशा लशींनी. आणि त्याच मैदानावर एक सद्गृहस्थ मला म्हणाले, आम्ही आमच्या लॅब्राडॉर कुत्र्याला लस देत नाही, प्रतिकारशक्ती नैसर्गिक वाढवतो, गुळवेल देतो. मी त्यांना म्हटलं, तुम्ही उभे आहात कुठं ते तरी बघा.

पार्व्हो, ज्याला आपण 'गॅस्ट्रो झाला' म्हणतो, तो १९७८ साली जगासमोर आला. पिलाला रक्ताची हगवण लागते. लिंबू-सरबतानं तो बरा होत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून लशी सुरू करा, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. मांजरालाही रेबीजची. गुळवेल हवी तर तुम्ही घ्या, डॉक्टरांना विचारून.

आणि कुत्रं चावलं, ओरखडलं, तर हळद नको, चटणी नको, चुना नको, तेल नको. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. रेबीजच्या विषाणूचं वरचं आवरण स्निग्ध असतं, साबणानं ते फुटतं. आजीच्या बटव्यात साबण नव्हता, म्हणून तिनं हळद लावली. मग लगेच सरकारी दवाखाना, त्याच दिवशी, सगळे डोस. कुत्रं घरचं असलं तरी. चावणारं नुसतं पिल्लू असलं तरी.

प्रश्न? नाही, आता वेळ नाही, पेटी आली. तुम्ही ताई, मगाशी हात वर केला होता, तुमच्या पर्शियन मांजराचं ना? जिन्यात सांगतो. टाळकरी बुवा, या, बसा. माझी ती गोळ्यांची डबी टेबलावर राहिली, तेवढी इकडं द्या, ती पिंट्याच्या नातवाची आहे.