खेळावरचा कोशलेख पट मांडून तपासावा

पचिशीवरचा कोशलेख परीक्षणासाठी हाती आला, की संदर्भांची यादी किती लांब आहे हे मी प्रथम पाहत नाही. पट अंथरतो, कवड्या घेतो आणि केवळ त्या लेखाच्या आधारे डाव सुरू होतो का, हे पाहतो. पुष्कळ लेख इथेच अडखळतात.

लेखात बहुधा एक वाक्य असते : ‘हा खेळ सहा किंवा सात कवड्यांनी खेळतात.’ वाक्य खरे आहे आणि त्याला आधारही देता येतो. पुढे दानांचा तक्ता येतो, तो मात्र एकच. सहा कवड्यांच्या प्रचलित पद्धतीत सगळ्या कवड्या पालथ्या पडल्या, म्हणजे एकही उताणी नसली, की पंचवीसचे दान मिळते. एकच उताणी पडली तर दहा. सात कवड्या घेतल्या की सर्वसाधारणपणे दिल्या जाणाऱ्या तक्त्यात पंचवीस मिळतात ते पाच कवड्या उताण्या पडल्यावर, आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर फक्त सात. आता थोडे गणित करू. कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता सारखीच आहे असे क्षणभर धरले (खरी कवडी इतकी निःपक्षपाती नसते, पण ते असो), तर सहा कवड्यांत पंचवीसचे दान चौसष्टांत एकदा पडेल. सातांत ते एकशे अठ्ठावीसांत एकवीस वेळा, म्हणजे साधारण सहा फेकींत एकदा पडेल. ज्या दानावरून खेळाला नाव मिळाले, ते एका पद्धतीत दुर्मीळ आहे आणि दुसरीत नेहमीचे. एका पद्धतीच्या कवड्या आणि दुसऱ्या पद्धतीचा तक्ता एकत्र छापणाऱ्या लेखात प्रत्येक वाक्याला स्वतंत्र आधार असू शकतो, आणि तरीही त्यातून उभा राहणारा खेळ कोणी कधीच खेळलेला नसतो.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. पारंपरिक खेळाला एकच नियमपुस्तिका नसते. घरोघरचे नियम निराळे असतात आणि भांडण झाले की शेवटी वडीलधाऱ्यांचा शब्द प्रमाण मानला जातो. म्हणून अशा खेळावरच्या लेखाची प्रत ठरवताना ‘हे खरे आहे का’ या प्रश्नाला जोडूनच ‘हे कुठले, कधीचे आणि कोणाचे’ असेही विचारावे लागते. इंग्रजी विकिपीडियावर ‘चांगला लेख’ ठरवण्याचे सहा निकष आहेत : लेखन नेटके असावे, मजकूर पडताळता यावा, व्याप्ती पुरेशी असावी, दृष्टिकोन तटस्थ असावा, मजकूर स्थिर असावा आणि शक्य तिथे चित्रे असावीत. निकष उत्तम आहेत. परंतु परीक्षक एकेक वाक्य सुटे तपासू लागला, तर वर सांगितलेला तक्ता त्याच्या हातून निसटतो.

प्राचीन मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) उर येथे राजघराण्याच्या कबरींत सापडलेल्या खेळाच्या पटांच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. लेनर्ड वुली यांच्या उत्खननात मिळालेले ते पट इसवी सनपूर्व २६०० च्या सुमाराचे आहेत. नियमांची माहिती मात्र इसवी सनपूर्व १७७ च्या सुमारास लिहिलेल्या एका बाबिलोनी मृत्तिकापट्टिकेतून येते, जी ब्रिटिश म्युझियममधील अर्व्हिंग फिंकेल यांनी वाचली. मधले अंतर सुमारे चोवीसशे वर्षांचे आहे. ‘या खेळाचे नियम असे होते’ असे बिनधास्त लिहिणारा लेख मी खालच्या श्रेणीत ठेवीन. ‘उत्तरकालीन पट्टिकेवरून केलेली मांडणी’ असे म्हणणारा लेख तुलनेने त्रोटक असला तरी वरच्या.

इतिहासाच्या भागात आणखी एक सापळा असतो. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात अकबर जिवंत दासींच्या सोंगट्या करून पचिशी खेळत असे, ही हकीकत जवळजवळ प्रत्येक लेखात येते आणि तिच्यापुढे तीन-चार संदर्भ असतात. ते उलगडत मागे जावे, तर वाट लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाच्या एकोणिसाव्या शतकातील वर्णनापाशी पोहोचते. अकबराला जाऊन तोवर अडीचशेहून अधिक वर्षे झाली होती. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त सोळा सोंगट्या आणि तीन फाशांच्या चौपडीचे, म्हणजे पचिशीच्याच जातीच्या खेळाचे, वर्णन आहे, आणि तो ग्रंथ दरबारातलाच आहे. तेव्हा चार संदर्भ म्हणजे चार साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराचे म्हणणे चौघांनी पुन्हा सांगितलेले असू शकते. हकीकत लेखातून काढून टाकावी असे मी म्हणत नाही, ती कोणी आणि केव्हा सांगितली हे सोबत असावे. मोक्षपटाचे, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपाचे, जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देणाऱ्या वाक्यालाही हाच न्याय लावावा. ते श्रद्धेने सांगितले जाते, पण आज पाहायला मिळणारे पट त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी तयार झालेले आहेत. ‘परंपरा असे मानते’ एवढे तीन शब्द पुरतात.

आकृतीबद्दल थोडक्यात सांगतो. पचिशीच्या पटाला चार बाहू, प्रत्येक बाहूत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे मधला चौक सोडून शहाण्णव घरे. चित्रातली घरे मोजा आणि फुलीची घरे (जिथे सोंगटी सुरक्षित असते) मजकुराशी ताडून पाहा. चित्र एका प्रकारच्या पटाचे आणि वर्णन दुसऱ्याचे, असे अनेकदा निघते.

एक अडचण उरते. कित्येक घरगुती नियम कुठेच छापलेले नाहीत आणि कोशाला तर प्रकाशित आधार हवा असतो. अशा वेळी लेखकाने आपल्या घरचा नियम ‘सर्वत्र प्रचलित’ म्हणून घुसवू नये. छापील साधनांत ज्या पद्धती सापडतात त्या वेगवेगळ्या मांडाव्यात, प्रत्येकीसोबत तिचा स्वतःचा तक्ता द्यावा, आणि घरचा नियम आधी टिपून अन्यत्र प्रसिद्ध करावा. कोशात तो त्यानंतर येऊ शकेल.