खिडकीच्या आतलं शिकणं

श्रोतेहो, नमस्कार. रुग्णालयातली औषधांची खिडकी तुम्ही बाहेरून पाहिली आहे. मी बावीस वर्षं पुण्यात तिच्या आतल्या बाजूला उभी आहे. कागदोपत्री आम्ही फार्मासिस्ट, सरकारी नोकरीत औषध निर्माण अधिकारी, आणि रांगेतल्या माणसांसाठी औषधवाल्या मॅडम. आमच्या शिकण्याबद्दल आज बोलायचं आहे, कारण त्याची किंमत शेवटी रांगेतलं माणूस मोजतं.

बारावीनंतर दोन वर्षांचं डी. फार्म., मग ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण, मग फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांप्रमाणे नोंदणी नवी करून घ्यायला ५ वर्षांत किमान २ रिफ्रेशर कोर्स करायचे, किमान एकेका दिवसाचे. या कोर्सांमध्ये मी खरोखर शिकले आहे. पण पाच वर्षांत दोन दिवस! तेवढ्या काळात आमच्या कपाटातली निम्मी नावं नवी झालेली असतात.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक करून एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. गर्दीच्या वेळी, ट्यूबलाइटखाली, हे दोन रंग फार जवळचे वाटतात. ४० च्या बाटलीबरोबर केशरी सिरिंज गेली, तर २० च्या खुणेपर्यंत ओढूनही अंगात जातात ८ युनिट. १०० च्या इन्सुलिनला लाल सिरिंज लावली, तर २० च्या जागी ५०. पहिल्या चुकीत साखर उतरत नाही आणि डॉक्टर बिचारे डोस वाढवत राहतात. दुसरीत माणूस बेशुद्ध पडू शकतो, जिवावरही बेतू शकतं.

पहिली चूक माझ्या हातून झाली आहे. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. भोरकडच्या एका आजींची साखर महिनाभर उतरेना. शेवटी वॉर्डातल्या सिस्टरनी त्यांची पिशवी उघडली आणि सिरिंज माझ्यासमोर ठेवली. मला कुणी रागावलं नाही. पण कुणी शिकवलंही नाही, कुठे नोंद झाली नाही, आणि शेजारच्या खिडकीवरच्या मुलाला हे कळलंसुद्धा नाही. त्याच्या हातून तेच व्हायला वाट मोकळीच राहिली. हे मला अजून टोचतं.

आता आम्ही खिडकी उघडण्याआधी पंधरा मिनिटं एकत्र बसतो. एक वही आहे. होता होता राहिलेली चूक तीत लिहायची, करणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. मेथोट्रेक्सेट वहीत वारंवार येतं. संधिवातासाठी ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, पण हात सवयीने ‘रोज एक’ लिहून जातो. रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटत जातात. म्हणून पाकिटावर वाराचं नाव लिहायचं, हे त्या वहीतूनच ठरलं. औषधाचा त्रास झाल्याचं कुणी खिडकीशी सांगितलं, तर ते ऐकून सोडायचं नाही, फॉर्म भरायचा, हेही तिथेच शिकवतो. तसा त्रास तुम्हीही १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवू शकता, तो राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा आहे.

रुग्णालयं चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ही पंधरा मिनिटं ड्युटीत धरा. रांग वाढली की सगळ्यात आधी हीच कापली जातात. आणि मदतनीस मुलांनाही तिथे बसवा. खोकी तीच लावतात, सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या शेजारी ठेवायच्या की लांब, हे त्यांच्याच हातात असतं.

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीने एका मावशींना इन्सुलिन दिलं. फ्रीज नाही म्हटल्यावर माठाजवळ गारव्याला ठेवायला सांगितलं, आणि शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवलंत तर बर्फाच्या खणात नको, गोठलं की वाया जातं, हेही. रांग जिन्यापर्यंत गेली होती. तरी तिने लाल टोपणाची सिरिंज त्यांच्या हातात दिली, पुढ्यात पाण्याची वाटी ठेवली आणि म्हणाली, “मावशी, वीसपर्यंत ओढून दाखवा बरं.” मावशींनी तीसपर्यंत ओढलं. मुलीने पाणी परत वाटीत सोडायला लावलं आणि म्हणाली, “पुन्हा एकदा.”