आधी ऊब, मग पाणी, मग अन्न: शॅमेलिऑनचं पिल्लू आजारी पडतं तेव्हा

मंडळी, ज्यांच्या घरी शॅमेलिऑनचं, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचं, पिल्लू आहे त्यांच्याकडून बहुतेक वेळा एकच तक्रार ऐकू येते: ‘पिल्लू दिवसाढवळ्या डोळे मिटून बसतंय आणि दोन दिवस झाले, खात नाही.’ त्यापाठोपाठ दुसरं वाक्य येतं: ‘म्हणून तोंड उघडून भरवलं.’ आज आपल्याला या दुसऱ्या वाक्यापाशीच थांबायचं आहे.

या प्राण्याचं शरीर बाहेरच्या उबेवर चालतं. अंग गार असलं की आतडं हलत नाही आणि भरवलेला किडा पोटात कुजतो. अंगात पाणी कमी असताना किडे पोटात गेले, तर त्यातल्या प्रथिनांपासून तयार होणारं युरिक आम्ल बाहेर टाकायला मूत्रपिंडाकडे पाणीच उरत नाही. औषधाचंही तेच, गार अंगात ते नीट शोषलं जात नाही. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. हा क्रम उलटा झाला की काळजीपोटी केलेल्या गोष्टीच पिल्लाच्या जिवावर येतात.

कायद्याचं आधीच सांगून टाकलेलं बरं. आपल्या माळरानावर, बोरी-बाभळींत दिसणारा हिरवा सरडगुहिरा म्हणजे भारतीय शॅमेलिऑन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणं, घरात पाळणं हा गुन्हा आहे. जखमी सापडला तर जाळीदार खोक्यात, सावलीत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आज बोलणं आहे ते येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातल्या वेल्ड शॅमेलिऑनबद्दल, आणि थोडं मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनबद्दल. दोन्ही जाती साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या यादीत आहेत. २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कागद नसलेलं पिल्लू घेऊच नका.

आता पिल्लाकडे बघू. हात लावायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघा. निरोगी पिल्लाचे डोळे दिवसा सतत फिरत असतात, एक वर तर एक खाली. डोळ्याभोवतीचा कातडीचा बुरजासारखा उंचवटा फुगीर आणि गोल असतो. तो आत गेलेला दिसला तर अंगात पाणी कमी आहे. तो सुजलेला असेल तर जंतुसंसर्ग किंवा ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. दिवसा मिटलेले डोळे म्हणजे झोप नव्हे. शॅमेलिऑन उजेडात झोपत नाही. ते गंभीर लक्षण आहे आणि त्याच दिवशी हालचाल करायची असते.

मग विष्ठा बघा. तपकिरी भागाबरोबर एक खडूसारखा भाग पडतो, ते युरेट. तो पांढरा असेल तर पाणी ठीक आहे. टोक किंचित पिवळसर असेल तरी चालतं. पूर्ण पिवळा किंवा भगवा असेल तर पाणी कमी पडतंय. इतकी सोपी तपासणी दुसरी नाही, म्हणून पिंजऱ्याच्या तळाशी माती किंवा कोकोपीट न घालता साधा पांढरा टिश्यू पेपर अंथरायचा.

तिसरी गोष्ट पकड. पिल्लू फांदीवर चालताना पायाचे दोन्ही चिमटे घट्ट बसतात का? पुढचे पाय कोपरापाशी बाहेर वाकलेत का, खालचा जबडा मऊ किंवा सुजलेला आहे का, चालताना थरथर होते का, जीभ बाहेर निघते पण किड्यापर्यंत पोचत नाही असं होतं का? ही सगळी कॅल्शियम कमी पडल्याची चिन्हं आहेत. आणि तोंड उघडं ठेवून, मान वर करून श्वास घेणं, श्वासाबरोबर टकटक आवाज येणं, नाकातोंडाशी बुडबुडे दिसणं हे श्वसनमार्गाच्या संसर्गाचं. तोंड उष्णतेनंही उघडतं. थंडाव्यात नेल्यावर दहा मिनिटांत मिटलं तर ऊन लागलं होतं, नाही मिटलं तर डॉक्टर.

यानंतर वजन. सोन्याचांदीच्या कामाला वापरतात तसा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या आणि रोज सकाळी, पाणी द्यायच्या आधी वजन लिहून ठेवा. पिल्लू १२ ग्रॅमचं असेल तर १.२ ग्रॅमची घट म्हणजे दहावा हिस्सा गेला. डोळ्यांना ते दिसत नाही, काट्याला दिसतं.

आजारी पिल्लाचा पिंजरा वेगळा आणि छोटा हवा. साधारण ३० बाय ३० सेंटिमीटर तळ आणि ४५ उंची पुरते. मोठ्या पिंजऱ्यात त्याला किडा सापडत नाही, आणि हाडं मऊ झालेलं पिल्लू उंचावरून पडलं तर पाय मोडतो. तीन बाजूंना जाळी हवी, कारण हवा साचली की ओलाव्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात. काचेचं माशांचं टाकं या कामाचं नाही. जाळी ॲल्युमिनिअमची, गुळगुळीत घ्या. दारा-खिडक्यांना लावतो ती नायलॉनची डासांची जाळी रातकिडे कुरतडतात आणि तिच्यात नखं अडकून उपटली जातात. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लावा किंवा कापडानं झाका. चारी बाजूंनी माणसं दिसली की पिल्लू लपायला धडपडतं, आणि त्या ताणानं आजार लांबतो.

आत तीन-चार फांद्या, शिसपेन्सिलीएवढ्या किंवा त्याहून बारीक, पायाची मूठ भोवती मिटली पाहिजे अशा. तुती किंवा जास्वंदीच्या फांद्या चांगल्या. पानांसाठी कुंडीतली जास्वंद ठेवा. वेल्ड शॅमेलिऑन पानंही खातो, त्यामुळे कण्हेर, रुई, शेर, डायफेनबॅकिया यातलं काहीही आत जाता कामा नये. नर्सरीतून आणलेल्या झाडावर औषध मारलेलं असतं. पानं धुवा, वरची माती बदला, आणि काही आठवडे बाहेर ठेवून मगच आत घ्या.

आता ऊब. परदेशी माहितीपत्रकं वाचून आपल्याकडे सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, कारण ती गार घरांसाठी लिहिलेली असतात. आजारी पिल्लाला वरच्या फांदीवर, दिव्याखाली २९ ते ३० अंश सेल्सिअस, खाली २४ ते २६, आणि बरं होईपर्यंत रात्री २२ ते २४ मिळायला हवं. मोठ्या शॅमेलिऑनला चालणारा ३२ अंशांचा दिवा पिल्लाला नको, इवलंसं अंग पटकन तापतं. मोजायला दोन डिजिटल प्रोब, म्हणजे वायरीचे थर्मामीटर घ्या, एक वरच्या फांदीला आणि एक खाली. काट्याच्या गोल तबकड्यांवर विश्वास ठेवू नका.

डिसेंबर-जानेवारीत परभणीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि घराच्या भिंतीही गार पडतात. तेव्हा रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर पिंजऱ्याच्या बाहेर, वरून, थर्मोस्टॅटला जोडून लावा. लाल बल्ब रात्री लावू नका, झोप मोडते. तापणारे दगड तर नकोतच, पोट भाजलं तरी पिल्लू तिथून हलत नाही. लाइट गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवा.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३८-४० अंश सहज होतात. ३५ च्या वर बराच वेळ राहिलं तर पिल्लू जाऊ शकतं. खोली ३० वर गेली की उबेचा दिवा बंद करायचा, फक्त यूव्हीबी नळी चालू ठेवायची. पिंजरा घरातल्या सगळ्यात गार, खालच्या खोलीत हलवा. कूलर चालवा, पण झोत अंगावर नको. ओल्या हवेचा सततचा झोत फुप्फुसाला घातक आहे. जवळ ओलं पोतं टांगलं तरी दोन-चार अंश उतरतात.

यूव्हीबी हा शब्द आला, तर तो नीट समजून घेऊ. या अतिनील किरणांनी कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार व्हायला सुरुवात होते, त्यालाही अंगाची ऊब लागते, आणि ते असलं तरच आतडं कॅल्शियम घेतं. म्हणजे नुसती कॅल्शियमची पावडर देऊन हाडं सुधारत नाहीत. टी-फाइव्ह प्रकारची, ५ किंवा ६ टक्क्यांची लांब नळी घ्या. पिरगळलेले छोटे बल्ब नकोत, त्यांचा झोत एका ठिपक्यावरच पडतो. वरच्या जाळीवर नळी ठेवली तर तिथून पिल्लाच्या पाठीपर्यंत २० ते २५ सेंटिमीटर अंतर राहील अशी फांदी बांधा. दिवसाला १२ तास. वर्षानं नळी बदला, उजेड दिसत राहिला तरी यूव्हीबी बरीच घटलेली असते. काच किंवा प्लॅस्टिक मध्ये आलं की यूव्हीबी जवळपास सगळी अडते, म्हणून बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा इथं उपयोग नाही. खरं ऊन द्यायचं तर सकाळी आठच्या आत, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली धरून, १५-२० मिनिटं, आणि आपण स्वतः तिथून न हलता.

पाण्याची गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. वाटीत ठेवलेलं स्थिर पाणी शॅमेलिऑनला पाणी वाटतच नाही. तो पानावरून ओघळणारा, चमकणारा थेंब चाटतो. यासाठी आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी सलाइनची नळी उत्तम. नवा सेट आणि स्वच्छ बाटली घ्या, बाटलीत सलाइन नव्हे तर फिल्टरचं पाणी भरा आणि पिंजऱ्याच्या वर टांगा. चाक फिरवून दोन सेकंदांना एक थेंब ठेवा. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर, म्हणजे तासाला ९० मिलिलिटर. खाली ताट ठेवलं की झालं. थेंब वरच्या पानावर पडून खालच्या पानांवर घरंगळला पाहिजे. सकाळी एक तास, दुपारी चारच्या सुमारास एक तास. डोळे आत गेलेल्या पिल्लाला कधी चाटायला सुरुवात करायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर तिथून बाजूला व्हा.

बोअरचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार पानांवर पांढरे डाग धरतात, पिल्लू तेच चाटतं, आणि फवाऱ्याचं नोझलही चोंदतं. फवारा दिवा लागायच्या आधी दोन मिनिटं आणि दिवा मालवल्यावर दोन मिनिटं द्या, मधल्या वेळेत पानं कोरडी होऊ द्या. दिवसा आर्द्रता ४० ते ५० टक्के पुरे, रात्री ७० च्या वर चालते. आणि सिरिंजनं तोंडात पाणी ढकलणं कटाक्षानं टाळा. एक थेंब श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. ओठाच्या कडेला थेंब लावून त्यानं स्वतः गिळेपर्यंत थांबायचं, तेवढंच घरी.

ऊब आणि पाणी जमलं, डोळे उघडले, युरेट पांढरा पडायला लागला की मग अन्न. किड्याची लांबी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. रातकिड्यांत कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस जास्त असतं, म्हणून खायला द्यायच्या आधी एक दिवस त्या किड्यांनाच शेवग्याची किंवा तुतीची कोवळी पानं, भोपळा, गाजर खाऊ घाला. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. देताना ‘ड’ नसलेल्या कॅल्शियमची पावडर हलकीशी लावा. ‘अ’ आणि ‘ड’ असलेली मल्टिव्हिटॅमिन दोन आठवड्यांतून एकदाच. ती रोज दिली तर गळ्याखाली पाणी भरून सूज येऊ शकते. रात्री उरलेले रातकिडे बाहेर काढा, झोपलेल्या पिल्लाला ते चावतात.

मराठवाड्यात एक मोठी सोय आहे. बीड, जालना भागात रेशीम शेती पसरली आहे, जालन्यात कोषांची बाजारपेठही आहे. रेशमाची लहान अळी मऊ असते, तिच्यात चरबी कमी आणि पाणी भरपूर असतं, आणि तुतीवर कीटकनाशक असेल तर अळी बहुधा आधीच मरते, त्यामुळे जिवंत, धडधाकट अळी ही चांगली खूण. चॉकीच्या वयाच्या, म्हणजे अगदी कोवळ्या अळ्या मागा. फक्त अळ्या वाढवायच्या बेडवर चुना किंवा निर्जंतुक पावडर मारलेली नाही ना हे विचारा. मारली असेल तर दोन दिवस घरी ताज्या पाल्यावर ठेवून मग द्या. याउलट सोयाबीन-कापसाच्या शेतातले नाकतोडे, घरातली झुरळं आणि काजवे कधीच नकोत. काजव्यातलं विष सरड्यांना मारतं.

औषधाबद्दल थोडकंच, कारण ते पशुवैद्यकाचं काम आहे. गोठ्यात जनावरांसाठी असलेलं आयव्हरमेक्टिन पिल्लाला देऊ नका. दहा-पंधरा ग्रॅमच्या जिवाला त्याचं माप घरी काढता येत नाही, आणि चुकलं तर पक्षाघात. माणसांच्या अँटिबायोटिकचा तुकडाही नको. जंताची शंका असेल तर २४ तासांच्या आतली ताजी विष्ठा छोट्या डबीत, ओल्या कापसासह न्या. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) बघणं ही साधी तपासणी आहे. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आपल्या डॉक्टरांनी सरपटणारे प्राणी फारसे पाहिले नसतील, तर पिंजऱ्याचे फोटो, नळीचा प्रकार आणि अंतर, दोन्ही प्रोबचे आकडे आणि वजनाची वही सोबत न्या. निम्मं निदान त्यात असतं. प्रवास पहाटे किंवा संध्याकाळी करा, भोकं पाडलेल्या खोक्यात आडवी बारीक फांदी पक्की बसवून, वर कापड टाकून.

शेवटी प्रश्न उरतो, मोठ्या पिंजऱ्यात परत कधी हलवायचं? वजन सलग दहा दिवस वाढलं, दिवसभर डोळे उघडे राहिले, जीभ पूर्ण बाहेर जाऊन किडा पकडायला लागली आणि चालताना चारही पकडी घट्ट बसल्या, की हलवायचं. हलवताना आजारातल्या पिंजऱ्यातली एक फांदी आणि जास्वंदीची तीच कुंडी सोबत न्या, आणि पहिला आठवडा वरच्या फांद्या ५० सेंटिमीटरपेक्षा उंच बांधू नका.