सिराह: मिरीचा माग

मंडळी, सिराह या रेड वाइनच्या द्राक्षाबद्दल बोलायचं तर मी काळ्या मिरीपासून सुरुवात करतो, कारण तिच्या वाइनला मिरीचा वास येतो. पेल्यातल्या या मिरीचा माग काढत गेलं की या द्राक्षाचा निम्माअधिक भूगोल आपोआप समजतो.

त्याआधी जन्मकथा उरकू. इराणमधल्या शिराझ शहरातून एका धर्मयोद्ध्याने ही वेल फ्रान्सला नेली, अशी दंतकथा आहे. कथा झकास आहे, पण १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधक कॅरोल मेरेडिथ आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी डीएनए तपासला, तेव्हा आईबाप घरचेच निघाले. आई साव्हॉयकडचं मोंदूझ ब्लांश हे पांढरं द्राक्ष, बाप आर्देशकडचं दुरेझा हे काळं. दोन्ही आग्नेय फ्रान्समधली आणि दोन्ही तशी अप्रसिद्धच.

आता मिरी. वाइनची वर्णनं करणारे बऱ्याचदा कल्पनेच्या भराऱ्या मारतात, मला त्यांचा कंटाळा येतो. पण सिराहमधली मिरी ही कविकल्पना नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जाहीर केलं की हा वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा आहे, आणि खऱ्या मिरीतही तेच असतं. एका लिटर रेड वाइनमध्ये त्याचे १६ नॅनोग्रॅम असले तरी नाकाला पत्ता लागतो. गंमत अशी की साधारण पाचातल्या एकाला तो वास भरपूर प्रमाणात असूनही येत नाही. तेव्हा शेजारचा ‘कुठाय मिरी?’ म्हणाला तर वाद घालू नका, तो खरंच बोलत असेल.

हे रोटंडोन द्राक्षाच्या सालीत असतं आणि द्राक्षं पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात वाढतं. हवा थंड असेल, घडांवर सावली असेल, तर जास्त. घड उन्हात तापले तर कमी. सगळी गोम इथे आहे.

सिराहचं माहेर म्हणजे ऱ्होन नदीच्या खोऱ्याचा उत्तर भाग. तिथलं कोत-रोती हे वाइनक्षेत्र बघा. उतार इतके खडे की बहुतेक कामं हातानेच करावी लागतात. इथे व्हिओन्ये या पांढऱ्या द्राक्षाची २० टक्क्यांपर्यंत भर घालायची मुभा आहे, पण ती काळ्या द्राक्षांसोबतच आंबवायची. प्रत्यक्षात घालतात बरीच कमी, काही जण अजिबात नाही. पांढरं द्राक्ष घालून रंग फिका होईल असं वाटतं ना? होतं उलटंच, रंग टिकायला मदत होते. वर फुलांचा, जर्दाळूचा सुगंध येतो. मिरी, ऑलिव्ह, थोडा धूर आणि त्यावर हा सुगंध: माझं मत विचाराल तर सिराहचं सगळ्यात देखणं रूप हेच.

त्याच खोऱ्यातली एर्मिताझची टेकडी दक्षिणेकडे तोंड करून ऊन खात बसलेली, बरीचशी ग्रॅनाइटची. वाइन भारदस्त, तरुणपणी घट्ट मिटलेली, दहा-पंधरा वर्षं थांबायला लावणारी. एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपल्या अशक्त वाइनमध्ये ही मिसळून तिला बळ आणायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे! खोऱ्यातल्याच कोर्नासला मात्र दुसरं कुठलंच द्राक्ष चालत नाही. तिथली वाइन काळीकभिन्न, थोडी रांगडी. इथल्याच सें-जोसेफ आणि क्रोझ-एर्मिताझ या वाइन लवकर पिण्याजोग्या, खिशालाही बऱ्या.

जेम्स बस्बी यांनी १८३२ मध्ये युरोपातून वेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात नेल्या, त्यात सिराहही होती. तिथे तिला शिराझ म्हणू लागले. युरोपच्या बागा उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा ही कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात पोचली नाही, म्हणून बरोसा खोऱ्यात १८४० च्या दशकातल्या वेली आजही फळ देतात. बरोसा उष्ण. मिरी मागे सरते. पिकलेली ब्लॅकबेरी, चॉकलेट आणि चढं अल्कोहोल पुढे येतं. पेनफोल्ड्स या वाइन कंपनीच्या मॅक्स शुबर्ट यांनी १९५१ मध्ये अमेरिकन ओकच्या पिंपांत ग्रेंज या शिराझ वाइनचा पहिला प्रयोग केला. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. १९५७ मध्ये कंपनीने ‘बंद करा’ असा हुकूम काढला, तरी हा गृहस्थ १९६० मध्ये परवानगी मिळेपर्यंत गुपचूप बनवत राहिला.

पण ‘शिराझ म्हणजे जड’ हे समीकरण मला मान्य नाही. ऑस्ट्रेलियातच व्हिक्टोरियातल्या ग्रॅम्पियन्सच्या थंड हवेत मिरी अशी उसळते की रोटंडोनचं बरंच संशोधन तिथल्याच बागांमध्ये झालं. तिथलंच हंटर खोरं तर चांगलंच उष्ण, तरी तिथली शिराझ मध्यम बांध्याची. म्हणजे नुसतं तापमान सगळं ठरवत नाही. घड कधी खुडायचे, देठांसकट आंबवायचे की देठ काढून, पिंप नवं घ्यायचं की जुनं, हे माणूस ठरवतो. न्यूझीलंडच्या हॉक्स बेमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेच्या स्वार्टलँडमध्ये अनेक जण बाटलीवर मुद्दाम ‘सिराह’ लिहितात: आमचा कल ऱ्होनकडे आहे, हे त्यांना सांगायचं असतं.

चाखताना एक क्रोझ-एर्मिताझ आणि एक बरोसा शेजारी ठेवा, दोन्ही १६ ते १८ अंशांवर. त्याहून गरम झाली की अल्कोहोलच नाकात जातं, आणि बरोसाची तर सगळी मजा जाते.