ओढायचं इन्सुलिन तपासलं कसं? ०.८ मधून ०.४ वजा करायला शिका

नमस्कार मंडळी.

डिसेंबर २०२४ मध्ये सीडीएससीओनं, म्हणजे भारताच्या केंद्रीय औषध नियामकानं, अफ्रेझा या श्वासावाटे ओढायच्या इन्सुलिनला भारतात मान्यता दिली. तेव्हापासून टाइप टू डायबेटिस असलेल्या कितीतरी घरांत एकच प्रश्न आहे: सुईऐवजी पावडर ओढली तर चालेल का? आज बघू की हे औषध तपासलं कसं, त्यात मोजलं काय, आणि त्या आकड्यांतला कुठला आकडा आपल्या कामाचा. हा व्हिडिओ बघून चालू इन्सुलिन किंवा गोळ्या मात्र स्वतःहून बदलू नका.

इन्सुलिन हे प्रोटीन आहे. गोळी करून गिळलं तर डाळीसारखं पचून जातं. म्हणून सुई. पण फुप्फुसात वायुकोशांचा पसारा ७० ते १०० चौरस मीटर असतो, त्यांची भिंत अतिशय पातळ, आणि भिंतीपलीकडे लगेच रक्त. ही वाट वापरून बघायचे प्रयोग जर्मनीत १९२५ च्या सुमारासच झाले होते, म्हणजे इन्सुलिनचा शोध लागून चार वर्षंही धड झाली नव्हती. घोडं अडलं ते कणाच्या आकारावर. कण साधारण ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा असला तर घशातच आपटतो. १ मायक्रॉनपेक्षा लहान असला तर बराचसा आला तसा श्वासाबरोबर बाहेर जातो. मधल्या पट्ट्यातला कणच वायुकोशापर्यंत पोचतो, आणि तिथे पोचल्यावर तो विरघळलाही पाहिजे.

पहिलं औषध बाजारात आलं २००६ मध्ये, फायझरचं एक्झुबेरा. पावडरच्या दोन पुड्या होत्या, १ मिलिग्रॅमची आणि ३ मिलिग्रॅमची. आता इथे नीट लक्ष द्या. १ ची पुडी इंजेक्शनच्या सुमारे ३ युनिटसारखी आणि ३ ची सुमारे ८ युनिटसारखी. म्हणजे ३ च्या पुड्या संपल्या म्हणून कुणी १ च्या तीन ओढल्या, तर डोस तेवढाच राहत नव्हता, वाढत होता! घरी रोज तीन वेळा वापरायच्या औषधात अशी गोष्ट धोक्याचीच. शिवाय यंत्र हातभर, चारचौघांत काढायला अवघड. ऑक्टोबर २००७ मध्ये फायझरनं ते बंद केलं.

बंद झाल्यावर एक आकडा बाहेर आला, तोही सांगितला पाहिजे. चाचण्यांत एक्झुबेरा घेतलेल्या ४,७४० लोकांत ६ जणांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला, तुलनेच्या गटातल्या ४,२९२ लोकांत १ जणाला. सगळे पूर्वी सिगारेट ओढणारे होते. इतक्या थोड्या केसेसवरून औषधानं कॅन्सर होतो असं म्हणता येत नाही, आणि होत नाही असंही म्हणता येत नाही. म्हणून ज्यांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी या वाटेला जाण्याआधी शंभर वेळा विचार करायचा.

[पडद्यावर: ४ युनिट निळी, ८ हिरवी, १२ पिवळी कार्ट्रिज]

अफ्रेझाची पावडर वेगळी आहे. एफडीकेपी नावाचा पदार्थ आम्लात घट्ट राहतो आणि फुप्फुसाच्या साध्या पीएचला विरघळतो. त्याचे २ ते अडीच मायक्रॉनचे कण करून त्यांवर इन्सुलिन बसवलं जातं. कण उतरला की विरघळला. साधारण १२ मिनिटांत काम सुरू, ३५ ते ४५ मिनिटांत जोर सर्वांत जास्त, आणि ४ युनिटचा परिणाम दीड तासाच्या आसपास ओसरतो. म्हणून हे जेवणाच्या पहिल्या घासाला घ्यायचं. उपाशीपोटीची शुगर याच्यानं सांभाळली जात नाही.

आता मुख्य चाचणी. अमेरिकेच्या एफडीएनं जून २०१४ मध्ये मान्यता दिली, त्यातली टाइप टूची बाजू या चाचणीवर उभी आहे. गोळ्या चालू असूनही ज्यांचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, आटोक्यात नव्हतं, सरासरी ८.३, असे ३५३ लोक. १७७ जणांना अफ्रेझा, १७६ जणांना तीच पावडर, पण इन्सुलिनशिवाय. इनहेलर तोच, गोळ्या आहेत तशाच. एकूण २४ आठवडे: पहिले १२ डोस बसवायला, पुढचे १२ त्याच डोसवर. हे १२ उगाच नाहीत. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि एचबीए१सी म्हणजे तिच्यावर साचलेली साखर. डोस बदलतानाच रिपोर्ट काढला असता तर जुनी आणि नवी शुगर एकात मिसळली असती.

निकाल असा: अफ्रेझाच्या गटात एचबीए१सी ०.८ नं उतरलं. हा आकडा वाचून खूश होऊ नका, कारण नुसती पावडर ओढणाऱ्यांचंही ०.४ नं उतरलं.

त्यांच्या अंगात तर इन्सुलिन गेलंच नव्हतं, मग उतरलं कसं? चाचणीत आलं की माणूस गोळ्या वेळेवर घेतो, ग्लुकोमीटर रोज हातात येतो, दर काही आठवड्यांनी कुणीतरी विचारणारं असतं, पथ्य आपोआप नीट होतं. ते सगळं दोन्ही गटांत सारखं होतं. म्हणून ०.८ मधून ०.४ वजा करायचं. उरलेलं ०.४ इन्सुलिनचं. कमी आहे, पण खरं आहे. औषधाची कुठलीही जाहिरात समोर आली की दुसऱ्या गटाचा आकडा मागा. तो नसेल तर पहिल्याला काही अर्थ नाही.

हीच वजाबाकी खोकल्याला लावा. टाइप टूच्या चाचण्यांत अफ्रेझावर २५.६ टक्के लोकांना खोकला झाला, बिनइन्सुलिनच्या पावडरवर १९.७ टक्के, आणि काहीच न ओढणाऱ्यांत ५.४ टक्के. म्हणजे खोकला मुख्यतः कोरड्या पावडरीचा. तुलनेच्या गटाला नुसत्या गोळ्या दिल्या असत्या, तर सगळा दोष इन्सुलिनच्या माथी गेला असता. शिवाय कोण खोकतंय यावरून कुणाला काय मिळतंय ते सगळ्यांना कळलं असतं.

शुगर लो होण्याच्या बाबतीत मात्र इन्सुलिन ते इन्सुलिनच. साधी हायपो, म्हणजे शुगर लो होणं, ६७ टक्के लोकांना, पावडरवाल्यांत ३० टक्के. गंभीर हायपो ५.१ टक्के, पावडरवाल्यांत १.७. सुई नाही म्हणजे धोका नाही, असं समजणाऱ्यांनी हे लिहून ठेवा. खिशात साखर हवीच.

[पडद्यावर: नाकाला चिमटा लावलेला रुग्ण, स्पायरोमीटर]

आता फुप्फुस. स्पायरोमेट्रीत नाकाला चिमटा लावतात, पूर्ण श्वास घ्यायला सांगतात आणि जोरात, एका दमात, शेवटपर्यंत फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली, ते एफईव्ही१. दोन वर्षांपर्यंतच्या चाचण्यांत अफ्रेझा घेणाऱ्यांचं एफईव्ही१ तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ४० मिलिलिटर जास्त घटलं. बहुतेक फरक पहिल्या तीन महिन्यांतच पडला, आणि पुढे तसाच राहिला.

४० मिलिलिटर म्हणजे किती? एकाच माणसानं लागोपाठ दोनदा नीट फुंकलं तरी १५० मिलिलिटरपर्यंतचा फरक तंत्रज्ञ मान्य करतात. म्हणजे तुमच्या एका रिपोर्टमध्ये हा ४० दिसणारच नाही, तो शेकडो लोकांच्या सरासरीतच दिसतो. तुमच्या रिपोर्टवर काय बघायचं ते वेगळं: सुरू करण्याआधी एक चाचणी, ६ महिन्यांनी दुसरी, मग दर वर्षी. पहिल्या आकड्यापेक्षा २० टक्के किंवा जास्त घट झाली, तर डॉक्टर औषध थांबवायचा विचार करतील.

आणि पहिली चाचणी टाळायची नाही म्हणजे नाही. दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) असलेल्यांना या पावडरीनं श्वासनलिका अचानक आवळली जाऊ शकते, अफ्रेझाच्या माहितीपत्रकावर ही चौकटीतली, म्हणजे सर्वांत गंभीर इशाऱ्याची, सूचना आहे. सिगारेट-बिडी चालू असेल किंवा सोडून ६ महिने झाले नसतील तरीही हे औषध नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बायकांना सीओपीडी असतो आणि "वयामुळे धाप लागते" म्हणून तो कधी तपासलाच जात नाही. त्या आईला, आजीला पीएफटी, म्हणजे ही फुप्फुसाची चाचणी, केल्याशिवाय हे औषध देऊ नका.

आता वापरातल्या चुका. सर्वांत मोठी चूक डोसची. आधी इन्सुलिन घेत नसाल तर माहितीपत्रकाप्रमाणे प्रत्येक जेवणाला ४ युनिटपासून सुरुवात. पण कार्ट्रिजवरचं युनिट आणि इंजेक्शनच्या पेनचं युनिट सारखं काम करत नाही. टाइप वनवरच्या इन्हेल-३ चाचणीत तर इंजेक्शनच्या साधारण दुप्पट डोसपासून सुरुवात केली होती. म्हणून "उपयोग होत नाही" म्हणून सोडून देण्याआधी जेवणानंतरची रीडिंग वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा, डोस ते वाढवतील.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. पाकीट फ्रिजमध्ये. बाहेर राहिलेलं न उघडलेलं पाकीट १० दिवसांत संपवायचं, उघडलेली पट्टी ३ दिवसांत. खोलीचं तापमान म्हणजे २५ अंशांच्या आसपास, फार तर ३०. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला घराबाहेर सोडाच, घरातसुद्धा ते मिळत नाही, तेव्हा "बाहेर चालतं" हे वाक्य आपल्यासाठी नाही. फ्रिजमधून काढल्यावर १० मिनिटं थांबा, मग ओढा. इनहेलर १५ दिवसांनी टाकून नवा. तो धुवायचा नाही, कोरड्या कापडानं पुसायचा.

[पडद्यावर: इनहेलर आडवा, पांढरं तोंड वर, जांभळा तळ खाली]

कार्ट्रिज बसवली की इनहेलर असाच आडवा धरायचा. उलटा झाला, हलवला, हातातून पडला, तर पावडर सांडते, आणि किती सांडली ते कळायला काही मार्ग नाही. ती कार्ट्रिज टाका, नवी घ्या. आधी श्वास पूर्ण सोडा, हनुवटी किंचित खाली, ओठ घट्ट मिटून एकच खोल श्वास ओढा, आणि जमेल तेवढा वेळ धरून ठेवा. ओढताक्षणी खोकला आला तर लगेच दुसरी कार्ट्रिज ओढू नका. किती आत गेली ते माहीत नसतं. शुगर मोजा, जरा वेळानं पुन्हा मोजा, मग डॉक्टरांना फोन करा.