दोन ठोक्यांमधली जागा

पडद्यावर सरकतेय ती ईसीजीची पट्टी आहे. बारीक चौकटींचा कागद आणि त्यावर एकामागून एक उभी राहणारी टोकदार शिखरं. प्रत्येक शिखर म्हणजे हृदयाचा एक ठोका. दोन शिखरांमधल्या चौकटी मोजूया. इथे 21 भरल्या. पुढच्या जोडीत 23. मग 22, मग परत 21. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर वेगानं धावतो, म्हणजे एक बारीक चौकट 40 मिलिसेकंदांची. एक ठोका 840 मिलिसेकंदांनी आला, त्याच्या पुढचा 920 मिलिसेकंदांनी.

ही अशी पट्टी निवांत पडलेल्या, ठणठणीत माणसाची असते.

हृदय घड्याळासारखं चालतं असं आपण सहज म्हणून जातो. निरोगी हृदय तसं चालत नाही. ठोक्यांमधल्या या कमी-जास्त अंतराला डॉक्टर हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात, थोडक्यात एचआरव्ही.

बघता बघता एक करा. अंगठ्याच्या खाली, मनगटावर दोन बोटं टेकवा. सावकाश श्वास आत घ्या... नाडी जराशी घाईला येते. आता त्याहून सावकाश सोडा... ठोके रेंगाळतात. तरुण माणसात हा फरक बोटांनाही जाणवतो. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी 1847 मध्ये फिरत्या नळकांड्यावर हीच लय उमटवली होती.

हे घडतं कसं, ते जरा थांबून बघण्यासारखं आहे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, सायनस नोड. ठोका तिथून सुटतो. त्याला मोकळं सोडलं, तर तो मिनिटाला साधारण 100 ठोके देईल. पण स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी 60-70 वर असते, कारण मेंदूतून निघालेली व्हेगस नर्व्ह त्याला सतत आवरून धरते. ही झाली लगाम. टाच मारणारी चेतासंस्था वेगळी, सिम्पथेटिक. धावताना, घाबरताना, ताप चढल्यावर ती पुढे येते. तिचा परिणाम दिसायला काही सेकंद जातात. व्हेगसचा मात्र पुढच्याच ठोक्यात दिसतो आणि तितक्याच चटकन ओसरतो. श्वास आत घेताना लगाम सैल होते, सोडताना पुन्हा आवळते. म्हणून एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत होणारा बारीक फरक हा बहुतेक व्हेगसच्याच हातचा.

त्याचा पुरावा प्रत्यारोपण केलेल्या हृदयात मिळतो. तिथे या नसा तुटलेल्या असतात. ते हृदय विश्रांतीतही 90-100 च्या आसपास आणि जवळपास एकाच चालीत धडधडतं.

व्हेगस हृदयाशी बोलते कशी, हे 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस त्यांनी चेतवली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रावण उचलून दुसऱ्यावर सोडलं. त्या दुसऱ्याला कुठलीच नस चेतवलेली नव्हती, तरी तेही मंदावलं. द्रावणात उतरलेलं ते रसायन म्हणजे असेटिलकोलीन. 1936 च्या नोबेल पुरस्कारात लोवींचा वाटा याच कामासाठी होता.

दवाखान्यात या फरकाची किंमत कळली ती आधी जन्माला न आलेल्या बाळांमुळे. मला या साऱ्या इतिहासात हाच भाग सगळ्यात जवळचा वाटतो. 1960 च्या दशकात एडवर्ड हॉन आणि ली यांच्या लक्षात आलं, की गर्भातलं बाळ संकटात सापडलं की त्याच्या ठोक्यांमधली अंतरं आधी बदलतात. ठोक्यांचा वेग तेव्हा अजून जिथल्या तिथे असतो. मिनिटाचे ठोके मोजत बसणाऱ्याला जे दिसणार नाही, ते दोन ठोक्यांमधल्या जागेत आधीच उमटलेलं असतं.

मग 1987 मध्ये रॉबर्ट क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकमधून वाचलेल्या 808 रुग्णांच्या 24 तासांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्यात हा चढउतार 50 मिलिसेकंदांहून कमी होता, त्यांचा मृत्यूचा धोका 100 च्या वर असणाऱ्यांच्या तुलनेत पाचपटीहून अधिक निघाला.

मधुमेहात तर ही तपासणी फार साधेपणानं होते. रुग्णाला मिनिटाला 6 अशा खोल श्वासांवर ठेवायचं आणि ईसीजी काढायचा. श्वास घेताना नाडीचा वेग किती वर गेला, सोडताना किती खाली आला, एवढंच बघायचं. हा फरक मिनिटाला 10 ठोक्यांच्याही आत राहिला, तर मज्जातंतूंना साखरेची झळ पोचली असावी अशी शंका येते. रुग्णाला तेव्हा काही त्रास होतच असेल असं नाही.

आता हाच आकडा मनगटावरच्या घड्याळात येऊन बसलाय. हिरवा प्रकाश त्वचेत जातो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परतणारा प्रकाश कमी-जास्त होतो, त्यावरून अंतरं काढली जातात. हात हलला की मोजणी बिघडते, म्हणून झोपेतलं माप त्यातल्या त्यात भरवशाचं.

आणि इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आपला आकडा शेजारच्याच्या आकड्याशी ताडून बघू नका. एचआरव्ही वयानुसार उतरतं, आणि एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांतही ते कितीतरी वेगळं असतं. ज्याचा आकडा 30 तो आजारी आणि ज्याचा 80 तो निरोगी, असं त्यात काहीच नसतं. बघायची ती स्वतःचीच रेषा, काही आठवड्यांची. रात्री मद्य घेतलं, झोप मोडली, ताप यायचा असला, व्यायाम झेपेल त्याहून जास्त झाला, की ती खाली येते. कारण कोणतं, हे आकडा सांगत नाही. ते आठवून बघावं लागतं. नियमित व्यायामानं ती हळूहळू वर सरकू शकते.

आकडा जास्त म्हणजे चांगलाच, हेही खरं नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, ठोके कसेही पडतात, आणि घड्याळातला एचआरव्ही भलताच मोठा दिसू शकतो. ही पट्टी बघा. 14 चौकटी, मग 27, मग 17, मग 31. पहिल्या पट्टीत अंतरं श्वासाबरोबर वाढत होती, श्वासाबरोबर आटत होती. इथे श्वास कधी आत गेला आणि कधी बाहेर आला, ते कागदावर शोधूनही सापडत नाही.